वाघगाळीच्या पाटलाची चूल

मारुतीरावांना वाघगाळीला जायचं होतं ते हवापालटासाठी. असं ते सगळ्या अनगोळला सांगत होते, कचेरीत सांगत होते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत होते. खरं कारण घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं, आणि चौथे शेजारचे आप्पाण्णा. मारुतीरावांच्या घरातली गोष्ट आप्पाण्णांना ठाऊक नाही असं त्या गल्लीत कधी घडलंच नव्हतं.

तर खरं कारण असं की, वाघगाळीच्या भावकू पाटलांचा एकुलता मुलगा परशराम धारवाडला शेतकी खात्यात नोकरीला होता आणि आपल्या मनूसाठी तोच पाहिजे, असं मारुतीरावांच्या मनानं घेतलं होतं. मध्यस्थाकरवी फोटो आला होता. फोटोत मुलगा हॅट घालून एका बैलाशेजारी उभा होता. मुलगा चांगला दिसत होता. बैलही चांगला होता. मनूनं फोटो एकदाच बघितला असं तिची आई जयाबाई म्हणत, पण तो ठेवलेल्या जागी कधी सापडत नसे.

आता मुलीच्या बापानं मुलाचं घर बघायला जावं यात नवल ते काय? पण मारुतीराव कचेरीत अव्वल कारकून होते. ज्याच्या टेबलासमोर गावोगावचे पाटील टोपी काढून उभे राहतात, त्यानं एका पाटलाच्या दारात मुलगी घेऊन जायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. वाघगाळीचं खोरं मात्र सोयीचं होतं. दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेले डोंगर, खाली नदी, नदीकाठी जुनं दगडी महादेवाचं देऊळ, वर सातेरीदेवीचं. लष्करी कॅम्पातले गोरे साहेब तिथं मासे धरायला, डोंगर चढायला, डोहात डुंबायला जात. साहेब जातात म्हटल्यावर कारकुनानं जायला हरकत नव्हती.

रजा मागायला गेले तर वरचा अधिकारी त्यांच्या पोटाकडं बघून म्हणाला, "हवापालट? तब्येतीला काय धाड भरलीय?" मग एक आजार शोधावा लागला. मारुतीरावांनी छातीत धडधडतं असं सांगितलं. त्याबरोबर सगळी कचेरी त्यांना औषधं सांगायला लागली. एकानं तर त्यांचा चहाच बंद करायला लावला. मारुतीरावांना चहा म्हणजे जीव की प्राण. ते बिचारे रजा मिळेपर्यंत चोरून पीत होते.

आप्पाण्णा मूळचे निपाणीचे, तंबाखूच्या दलालीत मुरलेले जैन गृहस्थ. माल कसा बघावा हे त्यांना कळत होतं आणि त्यांच्या मते स्थळ म्हणजेही मालच. "ऐक मारुती," ते कट्ट्यावर बसून म्हणाले, "कळवून गेलास की फसलास. लोकं भावकीतलं भात आणून कणग्या भरून ठेवत्यात. आमच्या निपाणीत एकानं शेजाऱ्याची म्हस दावणीला बांधून दाखवली. लगीन झालं आन दुसऱ्या दिवशी म्हस आपल्या घरला गेली. तू न सांगता जा. घर कसं हाय तसं दिसंल."

जयाबाई आतून म्हणाल्या, "न सांगता कुणाच्या घरात शिरायचं म्हंजे बरं दिसतंय व्हय?"

"आपण शिरणार न्हाय," मारुतीराव म्हणाले. "आपण हवापालटाला गेलेलो असणार. फिरता फिरता घर लागणार."

शिवाय त्यांनी कॅम्पातल्या एका बटलरकडून मासे धरायची साहेबी काठी मागून आणली होती. हातात काठी असली म्हणजे माणूस स्थळ बघायला आलाय असं कोण म्हणेल? मारुतीरावांनी जन्मात मासा धरला नव्हता, आणि ती काठी रेल्वेच्या डब्यात लोंढ्यापर्यंत निम्म्या लोकांच्या कानात नाहीतर डोळ्यात जात होती. लोंढ्याला उतरून त्यांनी मष्णूची बैलगाडी केली. मष्णूनं विचारलं, "वाघगाळीला आन आत्ता? आत्ता कोण जातंय तिकडं?"

"आम्ही जातो," मारुतीराव म्हणाले, आणि ते अशा आवाजात म्हणाले की मष्णू पुढं काही बोललाच नाही. कचेरीतल्या आवाजाचा हाच तोटा असतो, समोरचा गप्प बसतो.

वाटेत जंगलखात्याचा नाका लागला. तिथल्या गार्डनं काठी बघितली आणि पास मागितला. जन्मभर लोकांकडं पास मागत आलेल्या माणसाकडं पास मागितला! मारुतीरावांच्या छातीत आता खरंच धडधडायला लागलं. त्यांनी आपला हुद्दा सांगितला. गार्डनं तो शांतपणे ऐकला आणि काठी काढून घेतली. वर त्यानं विचारलं, "वाघगाळीत आज तुमचं काय काम?"

"ते विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही," मारुतीराव म्हणाले.

"बरं," गार्ड म्हणाला, आणि त्यानं फाटक उघडलं. त्या माणसाला खरं काय ते सांगायला हवं होतं, हे मारुतीरावांना फार उशिरा कळलं.

ओढ्यापाशी मष्णूनं गाडी थांबवली, सामान उतरवलं आणि बैल वळवून तो चालता झाला. ओढ्यापलीकडं पायवाट होती, आणि पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये रानातल्या डहाळ्यांचं एक तोरण बांधलं होतं. मारुतीराव थबकले. मग त्यांचा चेहरा फुलला, आणि फुलता फुलता रागावला.

"कळवलं कुणीतरी," ते म्हणाले. "आप्पाण्णाचं तोंड. बघ, स्वागताला तोरण बांधलंय."

"तोरण कमरेएवढं बांधत्यात व्हय, आप्पा?" मनूनं विचारलं.

"गावंढ्या लोकांना उंचीचा अंदाज नसतो," मारुतीराव म्हणाले आणि पोट सांभाळत तोरणाखालून वाकून पलीकडं गेले. जयाबाई आणि मनू मागोमाग.

गावात पाऊल टाकलं आणि तिघंही जागच्या जागी उभी राहिली.

गावात कुणी नव्हतं. कुणी नव्हतं म्हणजे माणसं शेतात गेलीत, असं नव्हे. घरांची दारं सताड उघडी होती आणि आत अंधार होता. गोठ्यांत दावी होती, गुरं नव्हती. कुत्रं भुंकलं नाही. चुलीचा धूर नाही, उखळाचा आवाज नाही, रडणारं मूल नाही. जयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या डोळ्यांपुढं प्लेगची सालं आली, अशीच ओस पडलेली आळी आली. "अहो, मागं फिरा," त्या म्हणाल्या. "इथं कायतरी झालंय."

मारुतीरावांनाही मागं फिरायचं होतं, पण गाडी गेली होती. "बाजाराला गेली असतील," ते म्हणाले.

"कोंबडी पण न्हाय, आप्पा," मनू म्हणाली. "कोंबड्या कधी सगळ्या मिळून बाजाराला जात्यात?"

मारुतीराव चालायला लागले आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरापाशी आले. सोप्यात भिंतीवर हॅटवाला परशराम होता. बैलही होता. आपण नको तिथं आलो या विचारानं घाबरलेला माणूस, आपण पाहिजे तिथं आलो हे कळताच एकदम मालकासारखा वागायला लागतो. मारुतीरावांना आप्पाण्णांचे शब्द आठवले. घर कसं आहे तसं दिसायला यापेक्षा चांगली वेळ कोणती? ते आत शिरले. जयाबाई "अहो, अहो" करत उंबऱ्यापाशीच राहिल्या.

घर पक्कं होतं. कणग्या भातानं काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि मारुतीरावांनी कोपरापर्यंत हात घालून ते भात खालपर्यंत भातच आहे याची खात्री केली. माळ्यावर गुळाच्या ढेपा होत्या. हंडे पितळेचे होते, वाजवून बघितले. "जया, स्थळ एक नंबर हाय," ते आतून ओरडले. कचेरीची मराठी त्यांना आनंदात सोडून जात असे, आणि भीतीतही.

मग त्यांना चहाची आठवण झाली. सकाळपासून चहा नाही. पिशवीत चहा होता, गूळ घरात होता, चूल समोर होती. "जया, जरा चूल पेटव."

"मी?" जयाबाई म्हणाल्या. "सोयरीक झाली न्हाय, बोलणं न्हाय, आन परक्या बाईच्या चुलीला हात लावू? पेटवायची तर तुमी पेटवा. मनूला सांगाल तर बघा."

मारुतीरावांनी आयुष्यात बिडी सोडून काही पेटवलं नव्हतं. पण चहापुढं इलाज नव्हता. लाकडं ओली होती. ती त्यांनी सगळी एकदम घातली. फुंकणी उलटी धरली, मग सुलटी धरली. शेवटी जाळ झाला तो वीतभर, आणि धूर झाला तो सगळ्या घरात. वाघगाळीत कुठल्याच घराला धुराडं नव्हतं. धूर कौलांतून वर निघाला आणि त्या मुक्या खोऱ्यावर जाड, काळा, सरळ उभा राहिला. डोळे पुसत, खोकत मारुतीराव आधण ठेवणार एवढ्यात डोंगर ओरडला.

डोंगरच ओरडला असं त्यांना वाटलं. शेकडो माणसांचा एकच आवाज होता, आणि मागून ढोल. मारुतीरावांनी खिडकीतून बघितलं. ओढ्यापलीकडं, त्या तोरणाच्या मागं, रान सगळं माणसांनी भरलं होतं. "दरोडा," ते म्हणाले आणि भाताच्या कणगीत चढायला लागले.

"दरोडेखोर म्हशी आन तान्ही पोरं घिऊन येत्यात व्हय?" जयाबाई बाहेरून म्हणाल्या. "आन ती मानसं तोरणाच्या आत पाय टाकंनात. तुमी आधी भाईर या."

मारुतीराव एक पाय कणगीत आणि एक बाहेर असे राहिले. खरंच, कुणी आत येत नव्हतं. शेवटी मनूनं त्यांना हात धरून गावाच्या तोंडापर्यंत नेलं. डोक्याला, मिशांना आणि धोतराला भात लागलेलं, डोळे लाल, तोंडावर काजळी, अशा अवस्थेत अव्वल कारकून वाघगाळीच्या जनतेसमोर उभे राहिले. पलीकडून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं आला. तोच भावकू पाटील. त्याच्या शेजारी देवीचे गुरव, रवळू.

"चूल कुणी पेटवली?" पाटलानं विचारलं.

"मी मारुतीराव, अनगोळ," मारुतीराव म्हणाले. "सरकारी नोकर आहे. हवापालटासाठी..."

"फोटो मागिवल्यालं अनगोळकर?" पाटलाचा चेहरा पांढरा झाला. त्याच्यामागं एक हॅट हळूच खाली वाकली आणि तिच्या मालकानं तोंड लपवलं. ते बघून मनूनंही पदर पुढं ओढला, पण अगदी डोळ्यांपर्यंत नव्हे.

मग पाटलानं सांगितलं ते ऐकून मारुतीरावांना खाली बसावं लागलं. दर तीन वर्षांनी वाघगाळी आपलं गाव सातेरीला सोडून देत असे. माणूस, गुरं, कोंबडी, सगळं पाच दिवस रानात. गावात देवी एकटी फिरते, घराघरांत जाते, म्हणून दारं उघडी. तोवर शिवेवर डहाळ्या बांधायच्या. त्यांच्या आत पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाव परत घरी जाणार होतं. रानात म्हातारी माणसं कुडकुडत होती, दोन बायकांचे दिवस भरत आले होते, आणि समोर पाटलाच्याच घरातून धूर निघाला होता.

"इझवतो," मारुतीराव उठत म्हणाले. "आत्ता पाणी ओततो."

"न्हाय!" सगळं रान ओरडलं.

"ती आता देवीची झाली," रवळू गुरव म्हणाले. "इझवायची न्हाय. कौल लावतो. तवर ज्यानं पेटवली त्यानंच राखायची. जावा, लाकूड सरकवा."

आणि मारुतीराव परत गेले. त्या धुरात परत बसले. बाहेर रवळू गुरव एका काळ्या दगडाला ओली फुलं चिकटवून देवीला गाऱ्हाणं घालत होते. उजवं फूल पडलं तर गावानं पुन्हा पहिल्यापासून रानात राहायचं. डावं पडलं तर चूल मानली, आता घरच्या सुनेनं तिच्यावर नैवेद्य करावा आणि देवीला न्यावा, म्हणजे गाव घरी. मारुतीराव फुंकत होते, रडत होते आणि मनातल्या मनात देवीला सांगत होते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीचं स्थळ मोडू नको.

डावं फूल पडलं. रान हसलं, ढोल वाजले.

"पर पाटलाला सून कुठं हाय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

रवळू गुरवांनी पडलेलं फूल उचललं. "ज्यानं चूल पेटवली ती सून," ते म्हणाले. "रीतच हाय. सून असती म्हणून चूल पेटवती. इथं चूल पेटली म्हणून सून."

मारुतीरावांनी दारातून जयाबाईंकडं केविलवाण्या नजरेनं बघितलं. नुसतं हो म्हण, असं ती नजर सांगत होती. जयाबाई म्हणाल्या, "देवीच्या दारात मी खोटं बोलणार न्हाय. यांनीच पेटवली."

पुढचं मारुतीरावांनी नंतर कचेरीत कधी सांगितलं नाही. गल्लीत सांगायची गरज पडली नाही, आप्पाण्णांना ते आधीच कळलं होतं. तांदूळ त्यांनाच शिजवावा लागला. त्या चुलीपाशी दुसऱ्या कुणाला जाता येत नव्हतं, म्हणून गावातल्या बायका शिवेवरून आणि जयाबाई उंबऱ्याबाहेरून सूचना देत होत्या. पाणी जास्त झालं. पाणी कमी झालं. जाळ मागं ओढा. जाळ मागं ओढू नका. झाकण कशाला काढलंत? झाकण का काढत न्हाईसा? पाटलाची बायको नागुबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती आणि तिचं बरोबर असे. मारुतीराव डोळे मिटून, तोंड फिरवून, एका हातानं नाक धरून ढवळत होते. इतकी माणसं एकाच वेळी आपल्याला चुकीचं ठरवू शकतात, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. कचेरीत एकच वरचा अधिकारी असतो. सुनेला सगळं गाव.

भात झाला. वरचा कच्चा, खालचा करपलेला, मधला बरा. मग नागुबाईनं डहाळ्यांवरून आपलं हिरवं इरकली लुगडं आत टाकलं. नैवेद्य सुनेनं पदर घेऊन न्यायचा असतो. बांगड्याही आल्या, पण त्या मारुतीरावांच्या मनगटावर चढेनात, म्हणून मनूनं त्या पदराच्या टोकाला बांधल्या. डोक्यावर पदर, पदराखाली काळी टोपी, हातात करपलेला भात आणि चालताना किणकिण, असे मारुतीराव गावातून एकटे देवळापर्यंत चालत गेले. कुणी मोठ्यानं हसलं नाही, देवीचं काम होतं. पण शिवेवरच्या बायकांचे पदर तोंडात गेलेले त्यांना लांबून दिसत होते. "कुणाची म्हणायची ही सून?" एक म्हातारी शेजारणीला विचारत होती. "पोरगा तर एकच हाय की." हॅटवाला परशराम ते ऐकून झाडामागं गेला, आणि मारुतीरावांना वाटलं, संपलं. पोरगी जन्मभर मला विचारणार, आप्पा, चहाशिवाय एक दिवस राहवलं नाही?

डहाळ्या सोडल्या. गाव घरी आलं. गुरं हंबरली, पोरं ओरडली, कोंबड्या आपापल्या उकिरड्यावर गेल्या. पाटलाच्या सोप्यात घोंगडी पसरली गेली, आणि मारुतीराव लुगड्याची घडी मांडीवर घेऊन मान खाली घालून बसले. मनूनं आतल्या दारातून एकदा बाहेर बघितलं, परशरामनं एकदा आत बघितलं. भावकू पाटील खाकरले.

"पावणं," ते म्हणाले, "दुसरा असता तर पळून गेला असता. तुमी चूल राखलीसा. पोरगी आमाला पसंत हाय. पोरानं तर केव्हाच सांगितलंय. तुमचं काय म्हणणं?"

मारुतीरावांनी तोंड उघडलं. या क्षणासाठी त्यांनी घरी बरंच काही पाठ केलं होतं. कणग्या, हंडे, मुलाची बढती, हे सगळं त्यांना विचारायचं होतं. त्यातलं काही त्यांना सुचेना. डोळे अजून चुरचुरत होते. समोर स्वयंपाकघराचं दार होतं, आणि धुरानं काळी झालेली तुळई होती, आणि त्या तुळईखाली उद्या मनू बसणार होती.

"धुराडं करा," ते म्हणाले.

"आँ?"

"चुलीवर धुराडं करा. आन लाकडं वाळलेली पायजेत. मी तिथं बसलोय, पाटील. तिथं माणूस बसू शकत न्हाय. माझी पोरगी तिथं बसणार न्हाय."

सोप्यातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मुलीच्या बापानं मुलाच्या घराचं छप्पर फोडायला सांगितलं, असं वाघगाळीनं कधी ऐकलं नव्हतं. पाटलांच्या मिशा थरथरल्या. परशरामनं हॅट हातात घेतली. जयाबाईंनी आतून कपाळाला हात लावला. स्थळ हातात आलं होतं आणि यांनी ते स्वतःच्या तोंडानं घालवलं.

"पावणं," पाटील जड आवाजात म्हणाले, "पोरीच्या बापानं अटी घालायच्या नसत्यात."

तेवढ्यात नागुबाई दारात आली. त्या चुलीपाशी तिचं उभं आयुष्य गेलं होतं आणि डोळे बारा महिने लाल असत. आजवर तिला कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी म्हटलं नव्हतं. तिनं मारुतीरावांच्या मांडीवरचं लुगडं उचललं, त्यांच्या खांद्यावर नीट ठेवलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"पोरीच्या बापानं न्हाय घातली," ती म्हणाली. "थोरल्या सुनेनं घातलीया. उद्याच्या उद्या कौलं काढा."